शून्यावर आलेला काटा

वायर म्हणजे वायर, असं म्हणणाऱ्या माणसांशी मी एकतीस वर्षं भांडले. एका धरणावरच्या वायरलेसची मी तंत्रज्ञ होते, मुक्काम जिंतूर. वडील त्याच नोकरीत असताना गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मी आयटीआय केलेली होते, तरी पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनं विचारलं, "बाई, टायपिंग येतं ना?" मी म्हटलं, "टायपिंग येत नाही, सोल्डरिंग येतं." त्या दिवसापासून माझ्या तोंडाला लागणारे कमी झाले, पण माझी चूक कधी होते याची वाट बघणारे वाढले. चूक व्हायला बरीच वर्षं लागली. झाली ती अशी झाली की अजूनही दुपारी डोळा लागला तर दचकून जाग येते.

काम साधंच होतं. धरणावर एक संच, जिंतूरच्या आमच्या ऑफिसात एक, आणि नदीच्या खालच्या अंगाला फरशी पुलाजवळच्या चौकीत एक. त्या गावाचं नाव लिहीत नाही, गावाला राग येईल. फरशीचं गाव म्हणू. धरण भरलं की दारं उघडावी लागतात आणि ते पाणी फरशीवर पोचायला तास-सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात खाली निरोप गेलाच पाहिजे. लोक म्हणतात, मोबाईलच्या जमान्यात ही खरखर कशाला? अहो, पावसाळ्यात गावातली लाइट दोन दिवस गेली की तुमच्या मोबाईलचा टॉवर पहिला आडवा होतो. तेव्हा बॅटरीवर चालणारा आमचा डबाच बोलतो.

आता वायरीचं सांगते. मोटारीच्या वायरीत वीज सरळसोट जाते. तांबं तांब्याला लागलं की काम भागलं. म्हणून आमच्याकडे कुठलीही वायर तुटली की दातानं सोलायची, पीळ मारायचा आणि वरून काळी टेप गुंडाळायची. रेडिओची केबल तशी नसते. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तांब्याची जाळी, वरून काळं कातडं. लहर जाते ती तार आणि जाळीच्या मधल्या पांढऱ्या जागेतून, आणि सेकंदाला पंधरा-सोळा कोटी हेलकावे खात जाते. तिला पीळ चालत नाही, चेपलेलं चालत नाही आणि पाण्याचा थेंब तर बिलकुल चालत नाही. नवीकोरी जाड केबलसुद्धा तीस मीटरमध्ये जवळजवळ निम्मी ताकद स्वतःच खाऊन टाकते.

हे कुणाला पटायचं नाही. धरणावरच्या इलेक्ट्रिशियननं एकदा अँटेनाची तुटलेली केबल पीळ मारून जोडली. मी तोंड सोडलं तर बुवा बॅटरी आणि बल्ब घेऊनच आला. केबलच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला बल्ब. "बघा मॅडम, लाइट लागायलाय की! मंग वायर खराब कशी?" आणि दुसरी खोड म्हणजे उरलेली केबल कापायची नाही. खिळ्याला वीस मीटरचं वेटोळं टांगलेलं, आणि लहर बिचारी त्या वेटोळ्यात फिरून फिरून अर्धमेली होऊन वर जाणार. कात्री काढली की हात धरायचे, "कापू नका मॅडम, राहू द्या, कामाला येतंय." काय कामाला येतंय डोंबल!

शेवटी मी त्यांना कालव्यावरून समजवायला लागले. कालव्याच्या तोंडाशी पाण्याचे दहा भाग सोडले तर शेवटच्या शेताला दोन मिळतात, मधले आठ कालव्यानंच पिले. आणि शेवटच्या शेताचं दार बंद असेल तर पाणी तटतं आणि माघारी येतं. केबलचं हेच आहे. अँटेनानं लहर घेतली नाही तर ती माघारी येते. माझ्याकडे एक मीटर होतं. संचाला जोडलं की पुढं किती गेलं आणि माघारी किती आलं ते काटा दाखवायचा. माघारी जितकं कमी तितकं चांगलं. ते मीटर मी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू द्यायची नाही.

फरशीच्या चौकीवर गंगाधरमामा होते. नदीची पातळी मोजायची, संच सांभाळायचा; कागदावर त्यांना चालक म्हणत. रोज सकाळी आठला तिन्ही संचांची हजेरी व्हायची. माझी चूक झाली त्या साली आषाढात हजेरीलाच मामा म्हणाले, "मॅडम, आवाज पातळ व्हायलाय. तुमचा बी आन् धरणाचा बी." मी गेले. मीटर लावलं. त्या चौकीवर पूर्वी माघारी दीड वॅट यायचे, मग वर्षभरानं एक, मग अर्धा. त्या दिवशी काटा शून्यावरून हललाच नाही. मला तर आनंद झाला. इतकं छान मोजमाप मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

नियमानं साठ फूट खांबावर चढून वरच्या टोकालाही मोजायला हवं होतं. पण पावसानं खांब निसरडा झाला होता, गुडघा धरला होता, आणि काटा शून्यावर असताना चढायचं कशाला? मी खुर्चीत बसूनच म्हटलं, "मामा, संच ठणठणीत आहे. परभणीला जाऊन कान दाखवून या." चौकीत चहाला बसलेले गावचे चौघंजण फिदीफिदी हसले. मामाही कसनुसं हसले. मी रजिस्टरात लिहिलं: संच व केबल उत्तम, माघारी शून्य, दोष नाही, चालकास कमी ऐकू येते. खाली झोकात सही ठोकली. नंतर मामांनी आणखी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा मी वायरलेसवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामा, कान दाखवले का?"

मग खांदेमळणीचा दिवस आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैल नदीवर नेतात, घासूनपुसून धुतात, मग खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याची ती सेवा. त्या सकाळी अख्खं गाव नदीत असतं, माणसं कमरेइतक्या पाण्यात आणि बायका धुणं घेऊन कडेला. आमच्याकडे दोन दिवस ऊन पडलं होतं. पाऊस झाला होता तो वर, बुलढाण्याच्या अंगाला. असं पाणी वाईट, कारण खाली आभाळ निळं असतं आणि कुणाला शंका येत नाही.

पावणेदहाला धरणावरून कदम बोलले. कदम तिथले चालक, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशी चढला होता. "मॅडम, साहेबांनी दहाला दारं उघडायला सांगितलीत. खाली निरोप द्यायलोय, दहा मिनटं झाली, फरशीचं उत्तर न्हाई." मी हाका मारल्या. "फरशी, जिंतूर बोलतंय. फरशी, बोला." नुसतं टक् झालं आणि गप्प. पुन्हा टक्. म्हणजे मामा बटण दाबत होते, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. मोबाईल लावला तर टॉवर आदल्या संध्याकाळी लाइट गेल्यापासून बंद. तहसीलला आणि ठाण्याला सांगितलं. माणूस पाठवतो म्हणाले, पण तो माझ्या आधी पोचणार नव्हता.

"कदम, दारं थांबवा. गाव नदीत आहे आज!"

"साहेबांना म्हणलं मी. पाणी झपाझप वर यायलंय. आता थोडं सोडलं न्हाई तर घंट्याभरानं लय सोडावं लागंल. मंग फरशीचं काय, गावच राहायचं न्हाई."

खरं होतं त्यांचं. मी जीपकडे पळाले. ड्रायव्हर रशीदभाई पान लावत होते, ते तसंच टाकून बसले. जीपमध्ये एक छोटा संच होता. वाटेतच कदमांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा. "दहा वाजून दोन मिनटं. दारं उघडली." आता पाणी निघालं होतं आणि मीही निघाले होते.

बोरीत पोळ्याचा बाजार भरला होता. झुली, गोंडे, घागरमाळा, रंगाचे डबे, सगळं रस्त्यावर. जीप मुंगीच्या पावलानं चाललेली. रशीदभाई हॉर्न दाबत होते आणि मी खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "सरका हो! दादा, बाजूला व्हा!" एक म्हातारा झूल पारखत रस्त्यात उभा होता, तो शांतपणे म्हणाला, "बाई, पोळा उद्या हाय. एवढी काय घाई?" मला रडू फुटायचं बाकी होतं. रशीदभाई म्हणाले, "मॅडम, फिकीर मत करो, पहुंचते अपन." घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

बाजार सुटला आणि जीपनं वेग घेतला तेव्हा माझ्या डोक्यात तो शून्य आला. कुठल्याही अँटेनावरून थोडं तरी माघारी येतंच, कितीही चांगली असो. मग दीडाचा एक, एकाचा अर्धा आणि अर्ध्याचा शून्य कसा झाला? वर्षानुवर्षं केबल जुनी होते आणि मोजमाप सुधारतं, असं कधी असतं का? मी कपाळावर हात मारून घेतला. केबलमध्ये पाणी शिरलं होतं. जाताना जवळजवळ सगळी लहर केबलनंच पिली, वरून जी थोडी माघारी आली तीही वाटेत पिली. माघारी काही आलं नाही म्हणून मी समजले शेवटच्या शेतानं सगळं घेतलं. शेतापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं! आणि मी त्या माणसाला बहिरा ठरवून मोकळी झाले होते.

गाव चार-पाच किलोमीटरवर राहिलं तेव्हा जीपच्या संचात खरखरीतून मामांचा आवाज आला. घसा बसलेला. "...समजंना... परत बोला... म्या मान्सं भाईर काढायलोय... कुणी ऐकंना..." मी ओरडले, "मामा, दारं उघडलीत! पाणी आलं!" त्यांना काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. पुढं बोलणं आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. नदी घोटाभर वाहत होती, डोहात कमरेएवढी, वर लख्ख ऊन. निम्मं गाव काठावर, निम्मं पाण्यात, आणि मधोमध मामा काठी घेऊन बैल हाकत होते. धोतर चिंब, डोळे लाल. "निघा रं! पाया पडतो, निघा!" आणि काठावर उपसरपंच उभे होते, हातात चौकीतलं रजिस्टर. ते मोठ्यानं वाचत होते. "हे बघा, मॅडमनं लिव्हलंय. संच उत्तम. दोष न्हाई. चालकास कमी ऐकू येते. ह्यालाच ऐकू येत न्हाई आन् म्हणायलाय धरणानं निरोप दिला!"

"काय निरोप दिला ते तर सांग मामा!" कुणीतरी डोहातून विचारलं.

"नीट समजलं न्हाई. पर अवेळी खरखर व्हायलीय, लय येळ व्हायलीय. ही हजेरीची येळ न्हाई. धरण कायतरी सांगायलंय, बाबांनो!"

"आरं, ह्या श्रावणात बी तू दोनदा असंच काढलं व्हतं आमाला. आलं व्हतं का पाणी?" दुसरा एक जण म्हणाला.

सगळे हसले आणि बाहेर आलेले दोघं बैल घेऊन पुन्हा पाण्यात शिरले.

त्या वेळी दोन वाक्यं बोलायची होती. एक, पाणी येतंय. दुसरं, रजिस्टर चुकलंय, मामांचं खरं आहे. मी पहिलं बोलले. जीपच्या पायरीवर उभी राहून अंगात होतं तेवढं ओरडले, "दारं उघडलीत! पाणी अर्ध्या वाटेवर आहे! मी धरणाचा निरोप घेऊन आलेय!" सरकारी जीप आणि वायरलेसवाल्या मॅडम म्हटल्यावर एका दमात नदी रिकामी झाली. बायकांनी धुणं तसंच टाकलं, बैल दोर तोडून काठावर चढले. पंधरा मिनिटांनी आधी फेस आला, मग काडीकचरा, मग ते तांबडं पाणी, आणि बघता बघता फरशी दिसेनाशी झाली. डोह कुठं होता ते सांगता येईना. बायका माणसं मोजत होत्या, गडी बैल मोजत होते. सगळे भरले. मी जीपला टेकून खालीच बसले.

मग नारळ आला, शाल आली. "मॅडम आल्या म्हणून गाव वाचलं." उपसरपंचांनीच शाल घातली. मामा मागं उभे होते, ओल्या धोतरात. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी हात जोडले. "बरं झालं आल्या मॅडम. माझं कोण ऐकतंय?" मी नारळ घेतला. तोंड उघडायचं होतं, देवाशपथ उघडायचं होतं. पण इतकी वर्षं ज्यांनी माझ्या चुकीची वाट बघितली होती ते सगळे चेहरे डोळ्यासमोर आले आणि मी शाल खांद्यावर सारखी केली.

आठवड्यानं मी खांबावर चढले. वरच्या जोडावर नुसती काळी टेप होती. पाणी रोखणारी रबरी टेप त्या साली आली नव्हती, म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच काळीवर भागवलं होतं. लोकांना ज्यासाठी मी फाडून खायची तेच. केबल उतरवून कापली तर टोकातून पाणी ठिबकलं, जाळी हिरवीकाळी पडलेली. नवीन केबल टाकली. मीटर लावलं, माघारी दीड वॅट. खरं बोलणारा काटा. मामा संच कानाला लावून म्हणाले, "अगं माय, केवढा आवाज यायलाय!" आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "मामा, तुमच्यासाठी आवाज वाढवून दिलाय." रजिस्टरात लिहिलं, केबल बदलली, नेहमीचं काम.

मला निवृत्त होऊन वर्ष झालं. यंदा पोळ्याच्या आधी मी फरशीच्या गावाला गेले. मामाही आता घरीच असतात. ओसरीवर बसले होते, कानात बाजारात मिळतं तसलं मशीन. त्यांच्या बायको कौसाबाई उंबऱ्यातूनच त्यांच्यावर ओरडल्या, "आवो, वायरलेसच्या मॅडम आल्यात!" मला म्हणाल्या, "मोठ्यानं बोला मॅडम. आमी सगळे असंच बोलताव तेंच्याशी. भजनात पेटी वाजवायचे, ती बी सोडली. म्हणले, कान गेल्यालं मानूस सूर कुठून धरील?"

मी विचारलं, "मामा, परभणीला दाखवलं होतं ना? काय म्हणाला डॉक्टर?"

मामा हसले. "दाखवलं की. तुमी म्हणल्या म्हणून त्याच साली दाखवलं. डॉक्टर म्हणला, कान नव्यासारखे हायत. म्या म्हणलं, मॅडमच्या मिटरला जे समजलं ते ह्या पोराला काय समजतंय! मंग हे मशीन घेतलं. लय खरखरतंय, पर आता सवय झाली."

मला तिथं बसवेना. तरी बसले आणि सगळं सांगितलं. काळी टेप, केबलमधलं पाणी, शून्यावरचा काटा, आणि आवाज वाढवून दिल्याचं खोटं. श्रावणात दोनदा त्यांनी गाव बाहेर काढलं तेव्हा धरण आणि जिंतूर आपसात बोलत होते, ते बोलणं त्यांच्यापर्यंत फक्त खरखर होऊन पोचलं होतं, हेही सांगितलं. "मामा, तुमच्या कानात कधीच दोष नव्हता. चूक माझी होती आणि मी ती लपवली. मला माफ करा."

मामांनी मशीन कानातून काढलं, हातात उलटसुलट करून बघितलं आणि शेजारी ठेवलं. "सहा वर्सं झाली मॅडम," एवढंच म्हणाले. माफीचं काही बोलले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

कौसाबाई चहा घेऊन आल्या. आमचं बोलणं त्यांना आतपर्यंत गेलं नसावं. रोजच्या सवयीनं त्यांनी कप मामांच्या पुढं धरला आणि कानाशी वाकून ओरडल्या, "आवो, च्या घ्या! च्या!"

मामांनी मान बाजूला घेतली.

"वरडू नको, कौसे," ते हळूच म्हणाले. "मला ऐकू येतंय."